स्टेडियममधलं अंतर: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. यू-टू या आयरिश रॉक बँडच्या नेरूळच्या कार्यक्रमावर मी लिहिलं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं की स्टेडियममध्ये गाणारा माणूस मुंगीएवढा दिसतो, म्हणजे शेवटी पडदाच बघायचा, मग तो घरी बसून का बघू नये? आवाज घुमतो, गर्दीला दोनच गाणी येत असतात, तिकिटं महाग, आणि आयर्लंडच्या दुखण्यावरची गाणी नव्या मुंबईत ऐकून आपल्याला काय कळणार? त्यापेक्षा डिसेंबरात पुण्याला सवाईला जावं.

सवाईला जरूर जावं, मीही जाते. बाकीचं मात्र पटलं नाही.

आधी पडद्याचं. १५ डिसेंबर २०१९ च्या त्या रात्री डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये मागे अवाढव्य पडदा होता, सुमारे २०० फूट रुंद. पण सुरुवातीला तो वापरलाच नाही. ड्रमर लॅरी मलन एकटा चालत आला आणि गर्दीत घुसलेल्या छोट्या रंगमंचावर जाऊन बसला. मागून बाकीचे तिघे आले. पहिली काही गाणी त्यांनी तिथेच वाजवली, क्लोजअप नाही, चित्रफीत नाही. माझ्या जागेवरून गायक बोनोचा चेहरा दिसत नव्हता हे खरंच आहे. दिसत होती ती चार छोटी माणसं आणि त्यांच्याभोवती पसरलेली हजारो डोकी. त्या चौघांचं लहान दिसणं हाच तर त्या भागाचा अर्थ होता. टीव्हीच्या कॅमेऱ्याने पहिल्या मिनिटाला चेहरा जवळ आणला असता आणि हे सगळं निसटलं असतं.

मग ते मोठ्या रंगमंचावर गेले, पडदा लालभडक झाला, त्यावर त्यांच्या ‘द जोशुआ ट्री’ अल्बममधल्या झाडाची काळी आकृती, आणि ‘व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम’ सुरू झालं. गिटारवादक एजच्या गिटारचे ते टिपटिप पडणारे स्वर वाढत जातात, ड्रम येतो, आणि अख्खं स्टेडियम एकदम उजळतं. पडद्यावर छायाचित्रकार अँटन कॉर्बाइनने चित्रित केलेला वाळवंटातला रस्ता आपल्या दिशेने येत राहतो. एवढ्या मोठ्या जागेसाठीच केलेली गोष्ट आहे ही. दिवाणखान्यात ती मावत नाही.

आवाजाबद्दल तुमची तक्रार रास्त आहे, पण त्यामागचं कारण मला फार आवडतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून १२० मीटरवर बसलेल्याला ठोका सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाने उशिरा ऐकू येतो. म्हणून मोठ्या मैदानांवर मध्ये खांब उभारून जादा स्पीकर लावतात आणि त्यांचा आवाज मुद्दाम तेवढाच मागे ठेवतात. गर्दीच्या गाण्याला मात्र असं कुणी जुळवून देत नाही. समोरच्या स्टँडमधली ओळ आपल्यापर्यंत किंचित उशिरा येते, आपली त्यांच्यापर्यंत. ‘आय स्टिल हॅवन्ट फाउंड’ या गाण्याच्या वेळी तो मागे-पुढे होणारा हजारो जणांचा सूर मी अंगावर घेतलाय. त्याला घुमणं म्हणायचं असेल तर म्हणा, मला तो हवाच होता.

आता ‘आपल्याला काय कळणार’. यावर मला जरा राग आला, तो स्पष्टच सांगते. १९८७ च्या ‘द जोशुआ ट्री’ या अल्बममधली सगळी गाणी त्यांनी त्या रात्री क्रमाने वाजवली. त्यात ‘रेड हिल मायनिंग टाउन’ आहे, १९८४ च्या ब्रिटिश खाणकामगारांच्या संपावरचं. संपाने घर कसं पोखरतं, नवरा-बायकोत काय उरतं, हे त्या गाण्यात आहे. १९८२ चा गिरणी संप ज्या मुंबईने पाहिला, लालबाग-परळच्या ज्या घरांतली चूल त्या संपाने विझली, तिथल्या माणसाला हे परकं कसं? गंमत म्हणजे बँडनेही हे गाणं २०१७ पर्यंत कधी मैफलीत वाजवलं नव्हतं. माझ्या आसपास त्या वेळी बरेच जण आपसात बोलत होते, तेव्हा गर्दीला दोनच गाणी येतात हे तुमचं निरीक्षण मान्य. पण दोन खुर्च्या सोडून एक साठीचे गृहस्थ एकटेच उभे राहून शब्द न् शब्द म्हणत होते. मला त्यांच्याकडे बघायचं होतं, बोलणाऱ्यांकडे नाही.

पुढे ए. आर. रहमान मुलींसह आले आणि त्यांचं व यू-टूचं ‘अहिंसा’ हे गाणं झालं. ते मला तितकं भिडलं नाही, आदल्या गाण्यांपुढे बेतीव वाटलं. तिकिटांच्या दरांबद्दल तुम्ही लिहिलंत त्यातलाही शब्द मी खोडणार नाही. कॉलेजातल्या पोरांना परवडतील अशा जागा पुष्कळ असायला हव्यात, कारण असली गाणी त्या वयात समोर बसून ऐकायची असतात.

तुम्ही हा अल्बम पूर्ण ऐकला नसेल तर एकदा सलग ऐका. पहिली तीन गाणी सगळ्यांना पाठ असतात. ‘वन ट्री हिल’पासून शेवटपर्यंतचा भाग मात्र सोडू नका, आणि ‘मदर्स ऑफ द डिसअपिअर्ड’ला घाई करू नका. मग परत लिहा, मी उत्तर देईन.