‘बागेतला प्रत्येक किडा मारा’ हा मेसेज कृपया पुढे पाठवू नका

‘बागेत दिसणारा प्रत्येक किडा झाडाचा शत्रू, फक्त मधमाशी आणि लेडीबर्ड सोडा, बाकी दिसेल ते मारा’ असं सांगणारा एक मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. त्यात पाच मुद्दे आहेत, फवारणीची रेसिपी आहे आणि शेवटी नेहमीचं ‘जास्तीत जास्त शेअर करा’. एरवी मी असलं वाचून सोडून देते, पण हा माझ्या ताईकडे गेला आणि तिने ती फवारणी गुलाबांवर केलीसुद्धा. आता पानं कडेने करपलीत आणि ती मला विचारतेय की रोग कुठला पडला. अगं, रोग बिग काही नाही, त्या फवारणीनेच झालंय हे.

म्हणून आधी ती रेसिपीच घेऊ. व्हिनेगर, मीठ आणि कपडे धुवायची पावडर पाण्यात ढवळायची, दर आठवड्याला फवारायची, आणि वर ‘केमिकल नाही, शंभर टक्के सेफ’. व्हिनेगरमध्ये अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, त्याने पानाच्या पेशी फुटतात, म्हणूनच लोक ते तण जाळायला वापरतात! मीठ कुंडीतल्या मातीत साठत जातं आणि मग माती ओली असूनही मुळांना पाणी ओढता येत नाही. आणि कपड्याच्या पावडरीने पानावरचा मेणाचा थर निघून जातो. म्हणजे तण मारायचं औषध आपण हौसेने गुलाबावर मारतोय, तेही दर आठवड्याला. एवढं करून गुंडाळलेल्या पानाच्या आत बसलेला मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) तसाच राहतो, कारण तिथे थेंब पोचतच नाही.

यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. साबणाच्या पाण्याने मावा मरतो. पण त्यासाठी वेगळा, सौम्य कीटकनाशक साबण मिळतो, तो लेबलवर दिलंय तेवढाच पातळ करायचा, आधी दोन-चार पानांवर लावून एखाद-दोन दिवस बघायचं, आणि तो ज्या किड्याच्या अंगावर पडेल त्यालाच लागू पडतो. वाळला की संपला. अंगावर पडला तर माव्यासोबत मावा खाणाऱ्या अळ्याही मरतात, त्यामुळे बघून मारायचा, सरसकट नाही.

आता ‘प्रत्येक किडा शत्रू’. जगात नोंद झालेल्या कीटकांच्या जाती 10 लाखांच्या आसपास आहेत, त्यातल्या आपल्या झाडांचं खरंखुरं नुकसान करणाऱ्या फार थोड्या. मावा पडलेली एखादी फांदी नीट बघा, घाई न करता. हिरव्या माव्यात मधेच एखादा फुगलेला, तपकिरी, कडक झालेला मावा दिसतो आणि त्याच्या पाठीला गोल भोक असतं. एका चिमुकल्या गांधीलमाशीने जिवंत माव्यात अंडं घातलं, अळी आतून मावा खाऊन मोठी झाली आणि माशी होऊन त्या भोकातून बाहेर पडली. पानावर केसाएवढ्या बारीक देठावर उभं पांढरट अंडं दिसलं तर ते क्रायसोपा नावाच्या जाळीदार पंखांच्या किड्याचं, त्याची अळीही मावाच खाते. सरसकट फवारलं की हे सगळे मरतात आणि मावा आधी परत येतो, कारण माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवडा-दीड आठवड्यात स्वतः प्रजा वाढवायला लागतात. मावा खाणाऱ्यांना तेवढा वेग नाही.

हे मी मनाने सांगत नाहीये. कॅलिफोर्नियात 1880च्या दशकात पांढऱ्या कापसासारख्या खवले किडीने संत्र्या-लिंबांच्या बागा उद्ध्वस्त होत आल्या होत्या. अल्बर्ट कोबेले नावाचा कीटकतज्ज्ञ 1888 मध्ये ऑस्ट्रेलियात गेला, तिथून व्हेडालिया नावाचे बारके ढालकिडे (म्हणजे लेडीबर्डच) पाठवले, सगळे मिळून पाचशेच्या आसपास, आणि साधारण वर्ष-दीड वर्षात कीड आटोक्यात आली. पुढे 1940च्या दशकात त्याच बागांत डीडीटी हे कीटकनाशक फवारलं, व्हेडालिया मेले आणि दबलेली खवले कीड पुन्हा उसळली. ‘सगळं मारा’ म्हणणाऱ्याने एवढं एक उदाहरण वाचलं असतं तरी तो मेसेज लिहिला नसता.

‘लेडीबर्ड तेवढा चांगला’ हेही सरसकट खरं नाही. लेडीबर्ड म्हणजे आपला ढालकिडा. त्याच घराण्यातला 28 ठिपक्यांचा, जरा मळकट आणि अंगावर बारीक लव असलेला एक भुंगेरा वांग्या-बटाट्याच्या पानांचा हिरवा भाग खरवडून जाळी करून टाकतो. उलट, मावा खाणाऱ्या ढालकिड्याची अळी काळपट, सुसरीसारखी लांबट, अंगावर नारिंगी ठिपके, तिला बघून लोक घाबरतात आणि चिरडतात, आणि तीच तर दिवसभर मावा फस्त करत असते! लिंबावरची अळी पानं खाते, तीच पुढे फुलपाखरू होऊन फुलाफुलांवर फिरते. मोठ्या झाडावर चार अळ्या असल्या तर राहू द्या, लहान रोपावर असतील तर हाताने उचला.

‘मुंग्याही शत्रूच, वारुळात रॉकेल ओता’ हा मुंग्यांचा मुद्दा थोडा बरोबर आहे. माव्यातून आणि पिठ्या ढेकणातून (पांढऱ्या पिठासारखी दिसणारी कीड) गोड चिकट द्रव येतो, त्यासाठी मुंग्या त्यांना राखतात आणि ढालकिड्यांना हुसकावतात. तेव्हा खोडावर मुंग्यांची रांग दिसली तर वर बघा, मावा असायची शक्यता खूप. पण मुंग्या अळ्याही उचलून नेतात, त्यामुळे वारुळात रॉकेल ओता वगैरे जे लिहिलंय ते अजिबात करू नका, रॉकेलने मातीच खराब होते.

मेसेजच्या हिशोबाने गांधीलमाशीही मारायचीच. पण तिचं पोळं दाराशी असेल तर जाणकाराकडून काढून घ्या, कुणाला अ‍ॅलर्जी असेल तर नक्कीच. बागेच्या कोपऱ्यात असेल तर ती अळ्या पकडून नेते, राहू द्या.

शेवटचा मुद्दा, ‘पान कातरलेलं दिसलं की ताबडतोब फवारा’. गुलाबाच्या पानाच्या कडेला गोल, कात्रीने कापल्यासारखा तुकडा गेलेला दिसतो ना, ते पान कातरणाऱ्या मधमाशीचं काम असतं. ती पान खात नाही, तुकडा घरट्यात अस्तर म्हणून लावायला नेते आणि येता-जाता फुलांचं परागीभवन करते. झाडाला त्याने काही होत नाही, आणि कापलेलं पान फवारून परत उगवत नाही. ताईच्या गुलाबावरही असली चार-सहा पानं होती, ते बघूनच तिने स्प्रे हातात घेतला होता.