दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर : मॉडेल तयार होतं, मग वेळ कुठे गेला?

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू नीट वाचला. ज्यांनी तो वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुण्यातल्या तुमच्या गृहप्रकल्पाची इमारत अजून उभी राहायची आहे. ती ड्रोनच्या व्हिडिओत तिच्या प्लॉटवर उभी दिसावी, असं हे काम होतं. तुमचं म्हणणं असं की आर्किटेक्टने थ्रीडी मॉडेल तयार दिलं होतं, ते नुसतं व्हिडिओवर बसवायचं होतं. त्यासाठी आम्ही पुन्हा शूट करायला लावलं, साइटवर मुलगा पाठवून चकचकीत गोळ्याचे फोटो काढले आणि त्याचेही पैसे लावले. एवढं करून इमारत ब्रोशरपेक्षा मळकट दिसली. शेजारचा हाय टेन्शन लाइनचा टॉवर पुसायला आम्ही नकार दिला. आणि दुसऱ्या कुणीतरी असंच काम दोन दिवसांत करून दिलं.

आधी दोन दिवसांचं बोलू, कारण ते खरं असू शकतं. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर असेल आणि इमारतीपुढून काही जात नसेल, तर आम्हीही दोन दिवसांत देतो. सॉफ्टवेअरचीही आता अडचण उरलेली नाही. आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ इफेक्टच्या सॉफ्टवेअरमध्ये थ्रीडी कॅमेरा ट्रॅकर २०१२ पासून आहे, आता त्यात थ्रीडी मॉडेल थेट आणताही येतं. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर तर फुकट आहे आणि त्यातलं ट्रॅकिंग चांगलं आहे. तेव्हा आमचे पैसे सॉफ्टवेअरचे नाहीत. तुमचा शॉट हलता होता, आणि हलत्या शॉटमध्ये इमारत जागेवर राहायची असेल तर खऱ्या कॅमेऱ्याची प्रत्येक फ्रेममधली जागा, दिशा आणि लेन्स आधी शोधून काढावी लागते. यालाच ट्रॅकिंग म्हणतात.

हा शोध पॅरॅलॅक्सवर चालतो. कॅमेरा सरकला की जवळच्या वस्तू फ्रेममध्ये जास्त सरकतात, लांबच्या कमी. कुंपणाचा खांब किती सरकला आणि मागची टेकडी किती, यावरून सॉफ्टवेअर अंतरं काढतं. तुमच्या पहिल्या शॉटमध्ये ड्रोन हवेत एका जागी थांबून नुसता वळत होता. त्यात जवळचं आणि लांबचं सगळं सारखंच सरकतं, त्यामुळे अंतर कळायला काही आधारच राहत नाही. अशा शॉटमध्ये तीच इमारत जवळ ठेवलेली छोटी आहे की लांब ठेवलेली उंच, हे चित्र बघून कुणालाच सांगता येत नाही. हाताने बसवता येते, पण मग तिचा आकार अंदाजाने ठरतो. शिवाय ती क्लिप व्हॉट्सअॅपवरून आली होती. कॉम्प्रेशनमध्ये गवत, खडी, भिंतीचा पोत असले बारीक तपशील वाहून जातात, आणि ट्रॅकर नेमका त्यांनाच धरून चालतो. त्यावर एडिटिंगमध्ये स्टॅबिलायझेशनही लावलेलं होतं. ते प्रत्येक फ्रेम थोडी थोडी कापतं आणि वाकवतं, मग लेन्सचं गणित जुळत नाही. म्हणून ड्रोनच्या कार्डावरची मूळ फाइल मागितली, आणि प्लॉटभोवती कडेकडेने सरकणारा नवा शॉट मागितला. त्याच वेळी आमच्या मुलाने कुंपणाच्या दोन खांबांमधलं अंतर टेपने मोजून आणलं. कॅमेरा सॉल्व्ह, म्हणजे ट्रॅकिंगमधून निघालेलं कॅमेऱ्याचं गणित, कितीही चांगला झाला तरी त्यात मीटर आणि फूट नसतात. ते अशा एका खऱ्या मापावरूनच येतात.

आर्किटेक्टच्या मॉडेलवर माझी काही तक्रार नाही. ते प्लॅन आणि ब्रोशरसाठी बनवलेलं असतं. आम्हाला त्याची युनिट तपासावी लागतात, उलटे झालेले फेस (मॉडेलचे पृष्ठभाग) फिरवावे लागतात, काचेला खरं प्रतिबिंब द्यावं लागतं आणि उत्तर दिशा नकाशाप्रमाणे लावावी लागते.

उत्तर दिशेवरूनच मळकट दिसण्याच्या मुद्द्यावर येतो. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तुमच्या इमारतीचा दर्शनी भाग उत्तरेला आहे आणि शूट डिसेंबरमधलं आहे. पुणे साधारण साडेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो, आणि दिवसभर दक्षिणेकडेच असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीवर त्या दिवसांत थेट ऊन पडतच नाही. पन्नास मीटर उंच इमारतीची दुपारची सावली सुमारे पंचेचाळीस मीटर लांब पडते, तीही उत्तरेला, तुमच्या प्रवेशद्वारावर. मेच्या मध्यावर हेच चित्र उलटतं. पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, त्यानंतर जुलैअखेरपर्यंत सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो आणि तुमचा दर्शनी भाग उजळतो. ब्रोशरमधलं ऊन कॉम्प्युटरवर हवं तिथून सोडलेलं आहे, कारण तिथे आजूबाजूला खरं काहीच नाही. व्हिडिओत मात्र शेजारच्या बंगल्याची, विजेच्या खांबांची आणि रस्त्यावरच्या रिक्षांची सावली एका बाजूला पडलेली दिसते. तुमची इमारत तेवढी समोरून उजळली तर बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही, पण ती खोटी आहे हे त्याला लगेच कळेल. दुसरं म्हणजे हवा. ड्रोन प्लॉटपासून बराच लांब होता आणि मध्ये हिवाळ्यातलं धुरकं होतं. अशा हवेत लांबच्या वस्तूचा काळा रंग पूर्ण काळा राहत नाही, निळसर राखाडी होतो. मागची टेकडी बघा, तीही तशीच आहे. म्हणून आम्ही इमारतीच्या गडद भागाची पातळी आजूबाजूच्या घरांशी जुळवली. उजळ दर्शनी भाग हवा असेल तर मेच्या अखेरीस पाऊस सुरू होण्याआधी शूट करू, हे मी तेव्हाही सुचवलं होतं आणि आजही सुचवतो.

गोळ्याचे फोटो याच कामाचा भाग आहेत. पॉल डेबेवेक यांनी १९९८ मध्ये कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या सिग्राफ परिषदेत ही पद्धत मांडली. जागेवर आरशासारखा गोळा ठेवायचा, त्याचे कमीजास्त एक्स्पोजरचे फोटो काढायचे आणि ते एकत्र करून तिथला सगळा प्रकाश टिपायचा. सूर्य किती प्रखर, आकाश किती निळं, लाल मातीवरून किती प्रकाश वर उसळतो, हे सगळं त्यात येतं. तुमच्या बाल्कनीच्या छतांना खालून जो हलका तांबूस रंग आलाय तो तिथल्या मातीचा आहे. तो रंग अंदाजाने कुणी दिला नसता.

याखेरीज पुढच्या गुलमोहराचं रोटो होतं, म्हणजे फ्रेमगणिक त्याची कड आखून तो वेगळा काढायचा, ज्यामुळे प्रत्येक फ्रेममध्ये फांद्या इमारतीच्या पुढे राहिल्या पाहिजेत. जमिनीवरच्या सावलीचा वेगळा थर (पास) होता, आणि शेवटी व्हिडिओतलं ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा, कॉम्प्युटरवर बनवलेल्या इमारतीच्या चित्राला (रेंडरला) देणं. दिवस इथेच जास्त गेले, पण त्यावर तुमची तक्रार नाही, म्हणून लांबवत नाही.

आता टॉवर. तो पुसणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नव्हतं. त्या शॉटमधून उडणारा पक्षी आणि उभा असलेला ट्रक आम्ही न विचारताही काढला. पण ट्रक उद्या जाईल, हाय टेन्शन लाइन तिथेच राहणार आहे. ब्रोशरमधलं चित्र हे चित्र आहे, हे लोकांना माहीत असतं. खऱ्या रस्त्याचा, खऱ्या टेकडीचा व्हिडिओ दिसला की माणूस तो जसाच्या तसा खरा मानतो आणि त्यावर विश्वास ठेवून बुकिंगचा चेक देतो. रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई प्रवर्तकाला (बिल्डरला) द्यावी लागते, म्हणजे जबाबदारी तुमच्यावर येते. कायदा नसता तरीही मी नकारच दिला असता. त्या फ्लॅटच्या खिडकीतून तो टॉवर दिसणार आहे. ज्याची पुढची कित्येक वर्षं त्या घराच्या हप्त्यांत जाणार, त्याला तो आधी दिसायला हवा. इमारत खऱ्या मापाची, खऱ्या जागी, खऱ्या उन्हात दाखवायची, यासाठीच मी हे काम करतो आणि याच कारणाने त्याला वेळ लागतो.

रक्कम कमी नव्हती हे मान्य. पण आमच्या अंदाजपत्रकात ट्रॅकिंग, साइटची फेरी आणि रोटो वेगवेगळ्या ओळींत लिहिलेले होते आणि बिल त्याच आकड्यांचं आलं.

तुमच्या शॉटचा कॅमेरा सॉल्व्ह, मोजमापं आणि गोळ्यावरून बनवलेली प्रकाशाची एचडीआर फाइल आमच्याकडे आहे. त्याचे पैसे तुम्ही भरलेत, ते सगळं तुमचं आहे. कॅमेरा सॉल्व्ह एफबीएक्स आणि अलेंबिक या दोन्ही फाइल फॉरमॅटमध्ये काढून ठेवला आहे. पुढच्या टप्प्याच्या इमारती याच शॉटमध्ये कुणाकडूनही करून घ्या, त्यांना या फाइल द्या, म्हणजे ट्रॅकिंगचे पैसे पुन्हा पडणार नाहीत. ऑफिसमधून कुणालाही हार्ड डिस्क घेऊन पाठवा.