‘सोयीची भक्ती’ म्हणणाऱ्या वाचकांना

वारीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी पुन्हा वाचली. “ताई, देव आहे की नाही सांगता येत नाही म्हणायचं आणि आषाढात माउलींच्या पालखीबरोबर चालायचं, ही सोयीची भक्ती,” असं तुम्ही लिहिलंय. ताई म्हणालात, पण घरातल्या ताईशी या सुरात बोलता का? ‘फोटोपुरती वारकरी’ हे तर तुम्ही न भेटता, न विचारता ठरवून टाकलंत.

चूक होती ती कबूल करते. विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजी उपोषणाला बसले ते मे १९४७ मध्ये. मी १९४८ लिहिलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ‘सोय’. पुणे ते सासवड ३० किलोमीटरच्या वर भरतं, वाटेत दिवेघाट. पण पायाचे फोड मी पुरावा म्हणून दाखवणार नाही, ते सगळ्यांनाच येतात.

माझी आई माळकरी होती. जन्मात एक एकादशी मोडली नाही तिनं. शेवटच्या ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं गळ्यातली तुळशीची माळ काढायला सांगितली. इतक्या वर्षांच्या तेलापाण्यानं दोऱ्याची गाठ दगडासारखी झालेली, सुटेना. शेवटी कात्री लावली. आई काही बोलली नाही, पण स्ट्रेचरवरून नेताना तिचा हात सारखा मोकळ्या गळ्याशी जात होता. ती पुन्हा शुद्धीवर आली नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण “विठ्ठलाची मर्जी” म्हणायचा आणि मला ते ऐकवायचं नाही. माझी शंका तिथली आहे, पुस्तकातून उचललेली नाही.

ती माळ नव्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली असती तर खरी सोय झाली असती. मावश्या खूश, दिंडीत मान. पण माळ घालायची म्हणजे विठ्ठलाला शब्द द्यायचा, आणि मनात नाही तो शब्द मी देणार नाही. टाकवतही नाही. म्हणून रुमालात बांधून पिशवीत घेऊन चालते. आईच्या दिंडीतल्या एका म्हातारीनं यंदा विचारलं, “अजून नाही का गं वाटत?” मी नाही म्हटलं. “बरं. जरा तुळस धर, मला पदर खोचायचाय.” तिचं एवढ्यावर भागलं. तुमचं का भागत नाही?

गाडगेबाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधली, रस्ते झाडले, पण ते देवळात मूर्तीपुढे जात नसत. त्यांचीही भक्ती सोयीचीच म्हणायची का?

“दाभोलकरांनी यासाठीच जीव दिला का?” हे वाक्य तर लिहायलाच नको होतं. आमचा विरोध देवाधर्माला नाही, त्याच्या नावानं होणाऱ्या शोषणाला आहे, हे ते जन्मभर सांगत राहिले. त्यांचा खून झाला ती २० ऑगस्ट २०१३ ची सकाळ वादात टोला हाणण्यासाठी वापरू नका.

दिंड्यांमधली जात, रस्त्यावरचा कचरा, पुढाऱ्यांचे फलक या तुमच्या मुद्द्यांत शिरत नाही. माझा लेख त्यावर नव्हता.

माळेबद्दल, आईबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, उत्तर देईन. ‘फोटोपुरती’ हा शब्द पुन्हा आला, तर प्रतिक्रिया काढून टाकीन.