सूचना पेटीतली एकच चिठ्ठी

गेल्या सोमवारी आमच्या सुट्टीचा बळी देऊन कंपनीनं ट्रेनिंग ठेवलं होतं. विषय काय तर वेगवेगळ्या पिढ्यांमध्ये एम्प्लॉयी एंगेजमेंट, म्हणजे माणसाचं कामात मन लागणं, कसं वाढवायचं. पुण्याहून सर आलेले, बोलायला चांगले होते, खोटं कशाला बोला. स्क्रीनवर चार रंगाचे डबे. १९४६ ते ६४ बूमर, १९६५ ते ८० जेन एक्स, १९८१ ते ९६ मिलेनियल आणि ९७ च्या पुढं जेन झी. प्रत्येक डब्याखाली स्वभाव लिहिलेला, राशीभविष्यासारखा. मी ८१ च्या फेब्रुवारीचा, म्हणजे मिलेनियल. माझ्या शेजारी स्टोअरवाला बसलेला, तो ८० च्या डिसेंबरचा, म्हणजे जेन एक्स. आम्ही दोघं एका वर्गात, एका बाकावर शिकलोय आणि दहावीला गणितात दोघांनीही सारखाच मार खाल्लाय, आता आमच्यात पिढीचं अंतर पडलं म्हणायचं.

मुळात हे डबे अमेरिकेचे. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडं पोरांचा पाऊस पडला म्हणून ते बूमर. आमच्या कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत असल्या सालांनी काय कळणार? आमच्याकडं एकच रेघ आहे. परमनंट का काँट्रॅक्टवर. पन्नाशीच्या माणसाला ग्रॅच्युइटी दिसतेय, पोरीचं लग्न दिसतंय. तेवीसच्या पोराला अकरा महिन्यांनी ब्रेक, म्हणजे कामावरनं कमी होणं, दिसतंय. अकरा महिन्यांच्या माणसाला 'कंपनी आपलं कुटुंब आहे' म्हटलं तर तो हसणारच की. आणि आपण म्हणायचं आजकालच्या पोरांना लॉयल्टी नाही.

ऑगस्ट २०१९ चा पूर आठवतोय का? महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला, ना कोल्हापुरात जाता येत होतं ना बाहेर पडता. तेव्हा मी ज्या कंपनीत होतो तिथं एक शिफ्ट आतच अडकली. खालच्या शेडमध्ये पाणी शिरतंय म्हटल्यावर काँट्रॅक्टच्या पोरांनी कंबरभर पाण्यात उभं राहून मोटरी सोडवल्या, चेन ब्लॉकनं वर घेतल्या, कुणी सांगितलं नव्हतं. परमनंटची वयस्कर माणसं खिचडी शिजवत होती आणि मध्येच येऊन कुठली मोटर आधी उचलायची ते सांगत होती. मग पगार झाला. परमनंटना त्या दिवसांचे पैसे मिळाले, काँट्रॅक्टवाल्यांना 'हजेरी नाही' म्हणून कापले. पंचिंग मशीनच पाण्यात होतं तर हजेरी लागणार कुठनं! दिवाळीपर्यंत त्यातली निम्मी पोरं गेली, आणि मग मीटिंगमध्ये एका साहेबांनी विचारलं, ही पिढी टिकत का नाही? मी गप्प बसलो. आज वाईट वाटतंय त्याचं.

आता आमच्या शॉपमधलं सांगतो. व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनवर, एक मामा आहेत, वय छप्पन्न. त्यांच्या खिशात एक डायरी असते, कुठल्या जॉबला कुठला इन्सर्ट (कापायचं पातं), ऑफसेट (मापाची सेटिंग) किती, सगळं पेन्सिलनं लिहिलेलं. डायरी कुणाला दाखवत नाहीत. सगळे म्हणायचे म्हातारा खडूस आहे. एकदा रात्रपाळीला चहा घेताना मी सहज विचारलं तर म्हणाले, "साहेब, मागच्या कंपनीत एक पोरगं सहा महिनं हाताखाली घेऊन तयार केलं. सातव्या महिन्यात मलाच म्हणाले उद्यापासनं येऊ नका." आता बोला. ह्याला स्वभाव म्हणायचं का अनुभव?

मग मी प्लॅन्ट हेडच्या मागं लागून एक गोष्ट लेखी करून घेतली, मामांनी शिकवायचं, त्याचा वेगळा भत्ता, आणि रिटायर होईपर्यंत त्यांचं मशीन त्यांचंच. चार महिने गेले ह्या एका कागदाला. दिला एकदाचा.

शाहूवाडीकडचा एक आयटीआयचा पोरगा दिला त्यांच्याकडं. त्याची सवय अशी की प्रत्येक गोष्टीला "का?" पहिल्या आठवड्यात मामा माझ्याकडं येऊन म्हणाले, ह्याला बदला, डोकं खातंय. तेव्हा एका पातळ हाऊसिंगचं, म्हणजे पोकळ पार्टचं, बोअर (आतलं गोल भोक) मशीनवर मापात बरोबर भरायचं आणि खाली काढलं की अंडाकृती. रिजेक्शनचा ढीग. पोरगं प्रोग्रॅम तपासत बसलेलं. मामांनी फिनिश कटच्या, म्हणजे शेवटच्या बारीक कटच्या, आधी मशीन थांबवलं, क्लॅम्प ढिले केले, परत हलक्या हातानं आवळले, बास. पोरगं म्हणालं, "का पण मामा?"

"दाबून धरलास की जॉब गप बसतोय रं. सोडलास की आपल्या मूळ आकारावर जातोय. मग बोअर वाकडं दिसतंय."

पोराला ते मोबाईलवर रेकॉर्ड करायचं होतं, शॉपमध्ये मोबाईलला बंदी. सेफ्टीवाल्याशी भांडून एक कंपनीचा फोन ठेवलाय आता, प्लास्टिकच्या पिशवीत घालून, कारण हात कूलंटचे, मशीनवरच्या तेलकट पाण्याचे. मामा पहिल्यांदा भडकले, "व्हिडिओ काढून मला घालवायलास व्हय?" मग मी तो कागद परत दाखवला. आता स्वतःच सांगतात, हितनं धर, लाईट येत न्हाई.

कामातल्या एंगेजमेंटच्या कल्पनेचं मूळ शोधायला गेलो तर १९९० चा विल्यम कान नावाच्या माणसाचा पेपर निघाला. त्यानं अभ्यास केला एका समर कॅम्पमध्ये आणि एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. तीन गोष्टी सांगितल्या, ह्या कामाला काही अर्थ आहे का, मनातलं बोललो तर माझं नुकसान नाही ना होणार, आणि त्यासाठी अंगात-मनात त्राण उरलंय का. ह्यात जन्मसाल कुठं आलं? मामांचा प्रश्न दुसरा होता. पोराचा तिसरा, कारण पुढच्या आठवड्याची पाळी आम्ही रविवारी रात्री दहाला ग्रुपवर टाकायचो आणि त्याला गावाकडं जायची एसटी कधी धरायची तेच कळायचं नाही. आता महिन्याची पाळी आधीच लावतो, पैसा लागला नाही. दांड्या कमी झाल्यात. पूर्ण नाही, जोतिबाच्या यात्रेला कोण थांबतोय का कोल्हापुरात! मी तरी थांबतो का?

आणि साठीचं आणि सोळाचं एकत्र बसत नाही म्हणणाऱ्यांनी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर यावं एकदा, आपल्या तालमीच्या टीमची फुटबॉल मॅच असताना. आजोबा आणि नातू एकाच पायरीवर बसून एकाच दमात रेफ्रीला शिव्या घालतात. तालमीत प्रत्येकाला काम असतं आणि प्रत्येकाचं ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर तो उठून समोरच्या पेठेत जाऊन बोलतो.

आम्ही मात्र एंगेजमेंट म्हणून शुक्रवारी चारला केक कापतो. पहिली पाळी तीनला सुटते. केक ऑफिसवालेच खातात.

सूचना पेटी पण आहे, गेटजवळ, कुलूप लावून. ट्रेनिंगनंतर एचआरच्या मॅडमना हुरूप आला आणि त्यांनी वर्षानं ती उघडली. आत गुटख्याच्या पुड्या, एक एसटीचं तिकीट आणि एक चिठ्ठी, 'चहा पातळ येतोय'. अक्षर कुणाचं ते मला कळलं पण सांगणार नाही. मॅडम हसल्या, म्हणाल्या ह्याला काय सूचना म्हणायची? मी म्हटलं मॅडम, वर्षभरात एकच माणूस आपल्याशी बोललाय.

तो चहा आज पण तसाच होता. उद्या फर्स्ट शिफ्टला कँटीनवाल्याला गाठतो.