पोळ्यांचा हात

दादरच्या एका ब्युटी सलूनमध्ये मी असिस्टंट आहे. म्हणजे कात्री सोडून सगळं माझं. केस धुवायचे, कलर कालवायचा, खाली पडलेले केस झाडायचे आणि वर ‘एसी लागतच नाही’ हे ऐकून घ्यायचं.

परवा शनिवारी ऐन गर्दीत एक काकू आल्या. ‘मॅम’ म्हटलं तर म्हणाल्या, “मॅम काय गं, काकू म्हण.” म्हटलं काकू, तर आरशात बघून जरा गप्पच झाल्या.

“अमोनिया नाही ना यात? मला सगळं नॅचरल लागतं.”

नाही म्हटलं. अमोनिया नसलेल्या कलरमध्ये बहुतेक वेळा त्याच्याऐवजी इथेनॉलअमाइन नावाचं रसायन असतं, ते नाकाला झोंबत नाही एवढंच काय ते नॅचरल. सोबत 6 टक्क्यांचं पेरॉक्साइड आहेच. 48 तास आधी पॅच टेस्ट करून घ्या म्हणून फोन केला होता, तर “मला कसली आलीय अ‍ॅलर्जी!” म्हणून ठेवून दिला.

कलर डोक्यावर मुरत होता तेवढ्यात केसगळतीचं निदानही झालं. “मुंबईचं पाणीच वाईट गं.” आता भातसा, तानसा, वैतरणेचं तलावाचं पाणी बिचारं, क्षार त्यात कमीच. खारं असतं ते बोअरवेलचं. शिवाय मुंबईचं बरंचसं पाणी शुद्ध होतं आमच्या भांडुपात, आणि आमच्याच चाळीत येतं पहाटे, तेही जेमतेम. ते जाऊ दे.

मग बेसिनवर मान टाकून काकूंनी डोळे मिटले. मी मन लावून मसाज करत होते, अगदी कानामागेसुद्धा.

“हात छान आहे गं तुझा. कणीक मळतेस घरी?”

“मळते ना.”

“आमच्याकडे पोळ्यांना बाई हवीय. येशील?”

“काकू, मी ब्युटीचा कोर्स केलाय.”

“मग काय झालं? आमची आधीची बी.कॉम. होती.”

शेजारच्या खुर्चीवरचा ड्रायर नेमका तेव्हाच बंद झाला.

“इथे देतात किती?”

मी आकडा चांगला फुगवून सांगितला.

“एवढाच?” डोळे उघडून काकू म्हणाल्या. सगळ्या सलूनने ऐकलं. मालकीणबाई काउंटरवर बिलं चाळत होत्या, त्यांना तेवढं ऐकू आलं नाही.

टॉवेल गुंडाळताना काकूंनी माझा हात धरून निरखला. “नखं मात्र स्वच्छ ठेवावी लागतील हं. कणकेला लागेल हे.” ‘हे’ म्हणजे त्यांचाच डार्क ब्राऊन. इथे ग्लोव्हज धुऊन, वाळवून, फाटेपर्यंत वापरतात. माझ्या उजव्या ग्लोव्हची दोन बोटं केव्हाच उघडी पडली आहेत.

जाताना टिप स्टायलिस्टला मिळाली. तिने काकूंना शेवटची दहा मिनिटं ब्लो ड्राय केलं होतं. मला मिळाला बिलाच्या पाठीवर लिहिलेला फोन नंबर. “घडीच्या जमतात ना? आणि रविवारी सुट्टी नाही हं.”

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे महिन्याभरात काकूंची मुळं पांढरी दिसायला लागणार. टचअपची अपॉइंटमेंट त्यांनी जातानाच घेतली आहे. आणि धुवायला मीच हवी, असं रजिस्टरात मालकीणबाईंकडून लिहूनही घेतलंय.