औशाच्या काकांना उत्तर: वाघ्या नाठाळ झालेला नाही

नमस्कार काका,

घरातल्या कुत्र्याचं मन कसं रमवावं, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच झापलंय. ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काकांच्या मते हे सगळे शहरी चोचले. ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं कुत्र्यासाठी बर्फात गोठवलेला खाऊ सुचवायला लाज वाटली पाहिजे. त्यांच्या औशाकडच्या शेतावर पिढ्यान्‌पिढ्या कुत्री भाकरतुकड्यावर जगली, कुणी त्यांना खेळवलं नाही, तरी ती मजेत होती.

पण काका, जाता जाता तुम्ही एक ओळ लिहिलीय: "आता आम्ही लातूरला राहायला आलो, वाघ्याला सोबत आणलं, तर कुंड्या उकरतो, चपला फाडतो, रात्रभर भुंकतो. पार नाठाळ झालाय. परत शेतावर सोडावं म्हणतो."

माझा अख्खा लेख या ओळीबद्दलच होता.

शेतावर वाघ्याला कुणी खेळवलं नाही, कारण तिथं तो रिकामा नव्हताच. पहाटे बांधावरून रानडुकरांचा माग काढायचा, उंदराची बिळं उकरायची, कडब्याच्या गंजीभोवती फिरून रात्री कोण येऊन गेलं ते हुंगायचं, दुपारी लिंबाखाली गार माती उकरून पडायचं, अंधार पडला की राखण. लातूरच्या घरी फाटक, फरशी आणि साखळी. कुंड्यांत तो बिळं शोधतोय, फाटकाशी राखण करतोय. उकरायचं, चावायचं, राखायचं ही त्याची जुनीच कामं आहेत. जागा बदलली म्हणून ती आपल्याला खोड्या वाटतात.

आणि शहरी चोचल्यांचं म्हणाल, तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून बघा. कायम साखळीला किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा त्यातल्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. तेव्हा ना मॉल होते ना कुत्र्यांच्या खेळण्यांची दुकानं.

विकतच्या खेळण्यांबाबत मात्र मी तुमच्याच बाजूची. हजार रुपयांचं रबर आणून कोपऱ्यात टाकून देणारे लोक मीही पाहते. वाघ्याला त्यातलं काही लागत नाही. त्याला नाकाचं काम द्या. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाखांच्या घरात, कुत्र्याच्या नाकात दहा कोटींच्या पुढं. असं नाक फरशीवर बसवून ठेवलं तर ते कुंडीतच जाणार. शार्लट द्युरान्टन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २०१९ साली एक अभ्यास छापला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासावरून खाऊ शोधायला लावला, काहींना मालकाच्या पायाशी चालायला शिकवलं. मग वाटी अशा जागी ठेवली की तीत खाऊ आहे की नाही ते कळू नये. हुंगणारी कुत्री त्या वाटीकडे आधीपेक्षा लवकर, आशेनं जाऊ लागली. दुसऱ्यांत तसा फरक दिसला नाही.

मग करायचं काय? वाघ्याची रोजची भाकरी आहे तेवढीच ठेवा, ताटलीत देऊ नका. तुकडे करून अंगणात विखरा. दोन दिवसांनी जुन्या गोणपाटात गुंडाळून द्या, नंतर खोक्यात रद्दी कागदाच्या बोळ्यांखाली लपवा. सुरुवात अगदी सोपी हवी. सापडलंच नाही तर कुत्रं चिडतं किंवा नाद सोडतं. घरात दुसरं कुत्रं असेल तर दोघांना लांब ठेवा, आणि नातवंडांना सांगा, तो खात असताना हात घालायचा नाही. भाकरीसोबत कांदा-लसूण जाऊ देऊ नका, द्राक्षं-मनुका तर नकोच, त्या कुत्र्याला विषारी. शिजवलेली हाडं आणि कणसाचं बुरकुंडही नको. हाडाच्या कपच्या आतडं फाडतात, बुरकुंड आतड्यात अडकतं.

उकरणं बंद करायच्या मागं लागू नका, त्याला जागा द्या. कोपऱ्यात चार टोपली वाळू-माती टाका, तीत भाकरी पुरा, कुंड्या थोडे दिवस उचलून ठेवा. उन्हाळ्यात मात्र आधी बघा, तो गारव्यासाठी तर उकरत नाही ना. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापेवरच त्याचं अंग निवतं. सावलीत ओलं पोतं टाका. त्याला भाजी धुतलेलं पाणी पुरतं, काका, रेल्वे लागत नाही.

फिरवायला दिवस उगवायच्या आत न्या. मेमध्ये डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्याच्या पंजालाही सोसणार नाही. आणि फिरवताना ओढू नका. एका खांबाशी पाच मिनिटं थांबला तर थांबू द्या, गल्लीतला पेपर वाचतोय तो. चेंडू शंभरदा फेकून दमवण्यापेक्षा हे वीस मिनिटांचं हुंगणं मला केव्हाही बरं वाटतं. चेंडूवाली कुत्री दमतात, पण पुष्कळदा निवत नाहीत, उलट चेकाळतात. पावसाळा सरला की गवताची कुसळं कानात, बोटांच्या बेचक्यात रुततात, घरी आल्यावर तपासा.

रात्रीच्या भुंकण्याला फाटकाच्या खालच्या अर्ध्या भागाला पत्रा लावून बघा. रस्ता दिसेनासा झाला की निम्मं भांडण मिटतं. तरीही फरक पडला नाही, किंवा खाणं-पिणं एकदम बदललं, तर आधी पशुवैद्याला दाखवा. दुखणाऱ्या कुत्र्याला खेळ देऊन उपयोग नाही.

आता शेतावर सोडायचं. तिथं सालगडी बिऱ्हाडानं राहत असेल, वाघ्या त्याला ओळखत असेल, दोन वेळा भाकरी-पाणी नक्की असेल, तर खुशाल सोडा. त्यात दगाफटका काही नाही, मी तर म्हणेन लातूरच्या फरशीपेक्षा बरंच. पण शेतावर कुणी राहत नसेल आणि तुम्ही आठवड्यातून एकदा चक्कर मारणार असाल, तर ते सोडणं नव्हे, टाकून देणं झालं. मग वाघ्या लातूरलाच राहू द्या. सोडलात तरी रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या, तिथं कोल्ह्या-मुंगसांशी गाठ आहे. आणि सालगड्याकडे कोणती भाकरी करतात ते विचारून ठेवा. ज्वारीवर वाढलेलं कुत्रं बाजरी हुंगून बाजूला सारतं, निदान आमच्या परभणीतली तरी सारतात.