कार्पेट एरिया ११९ जीबी

आमचं घर मुलुंड पूर्वेला, वन बीएचके. बिल्डरने विकताना सांगितलेला आकडा आणि फरशीवर टेप धरून मोजलेला आकडा, या दोहोंच्या मध्ये एक अख्खं स्वयंपाकघर हरवलंय. त्यामुळे २०१८ साली घेतलेल्या लॅपटॉपच्या खोक्यावर १२८ जीबी आणि आत सी ड्राइव्हवर ११९ असं दिसलं, तेव्हा मी जराही दचकले नाही. मुलाने हिशोब समजावला. डिस्क बनवणारे हजाराने मोजतात, विंडोज १०२४ ने. म्हणजे तेच, सुपर बिल्टअप आणि कार्पेट. २०१७ मध्ये महारेरा आलं आणि बिल्डर लोक कार्पेट एरिया बोलायला लागले. डिस्कवाल्यांना अजून कुणी रेरा लावलेला नाही.

तर या ११९ जीबीत आमचा सात वर्षं संसार चालला. मग १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. एक वर्षाची मुदतवाढ मिळत होती म्हणे, पण आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट मुदतवाढीवरच नऊ वर्षं जगतंय, तेव्हा त्या शब्दावर माझा विश्वास नाही. विंडोज ११ ला निदान ६४ जीबीची डिस्क हवी, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप हवी, इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा तरी हवा. आमचा बरोबर आठव्या पिढीचा. काठावर पास झालेल्या मुलाच्या आईला होतो तेवढा आनंद झाला, आणि तेवढ्यात पाटी आली: जागा अपुरी आहे.

मोकळी जागा ५.८ जीबी.

मुलगा पुण्याला हॉस्टेलवर. फोनवर म्हणाला, "आई, किमान पंचवीस तरी मोकळे कर, मग बोलू." ज्याच्या कपाटाचा एक कप्पा आवरून घ्यायला मी सतरा वर्षं घसा फोडला, तो मला आवराआवर शिकवत होता.

सुरुवात लाइटबिलांनी केली. २०१९ पासूनची सगळी, त्यातली निम्मी दोन-दोनदा डाउनलोड केलेली. एकेक उघडायचं, आकडा बघायचा, "मे महिन्यात इतकं?" म्हणून नवऱ्याला ऐकवायचं आणि उडवायचं. तासाभरात सत्तर बिलं गेली. मोकळी जागा ५.८ जीबी. सत्तर बिलं मिळून शुभ सकाळच्या एका व्हिडिओएवढीसुद्धा भरली नव्हती.

मग नवऱ्याचा प्रांत. डेस्कटॉपवर न्यू फोल्डर. आत न्यू फोल्डर. त्याच्या आत आणखी एक. अशी सात दारं उघडत गेले, तर शेवटच्या खोलीत त्याचा स्वतःचा पासपोर्ट साइझ फोटो बसला होता. "तो राहू दे, लागतो," तो पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाला. सात वर्षांत कुणालाही लागलेला नाही.

खरी जागा खात होती भजनं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सासूबाईंचं भजनी मंडळ ऑनलाइन भरायचं आणि दर गुरुवारचं रेकॉर्डिंग मी ठेवत गेले. साडेपाच जीबी. ऑनलाइन भजनाची गंमत ज्यांनी ऐकली त्यांनाच ठाऊक. एकीचा विठ्ठल निघतो तेव्हा दुसरीचा पोचत असतो, तिसरीच्या घरी कुकरची शिट्टी होते आणि टाळ कुणाचेच कुणाला लागत नाहीत. उडवायचंच म्हणून एक फाइल लावली. कोपऱ्यातल्या चौकटीत पलीकडच्या बिल्डिंगमधल्या काकू, नऊवारी, कपाळावर बुक्का, डोळे मिटून जीव तोडून गातायत. आवाज काही नाही. तासभर त्या म्यूटवर होत्या आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. काकू २०२२ मध्ये गेल्या.

सासूबाई मागे कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. "वरच्या पट्टीत गायच्या," एवढंच म्हणाल्या. मी फाइल बंद केली. भजनांना हात लावायचा नाही.

बाकीच्यावर मात्र दया केली नाही. भाच्याच्या मुंजीचा व्हिडिओ, सोसायटीच्या सभेची रेकॉर्डिंग, डाउनलोडमध्ये साचलेला गाळ, सगळं मिळून अकरा जीबी काढलं. मोठ्या आशेने आकडा बघितला. ५.८.

"आई, रिसायकल बिन रिकामा केलास का?"

म्हणजे आपण घरातली अडगळ उचलून जिन्यात ठेवली आणि घर मोठं झालं म्हणून वाट बघत बसलो. आमच्या सेक्रेटरींनी याच गोष्टीसाठी नोटीस लावलीय, तरी मला सुचलं नाही. जिना मोकळा केला, आकडा सतराच्या जवळ आला. तात्पुरत्या फाइली नावाच्या ठिकाणी आणखी चार जीबी सापडले. तात्पुरत्या कसल्या, पागडीवाल्या भाडेकरूंसारख्या ठाण मांडून बसल्या होत्या. एकवीस.

मग हायबरफिल. ही फाइल साध्या डोळ्यांना दिसत नाही. लॅपटॉप हायबरनेट करायचा झाला तर उघडं काम उतरवून ठेवायला तिने जागा अडवलेली असते, आमच्याकडे तीन जीबी. लोकलमध्ये रुमाल टाकून धरतात तशी. आणि माणूस काही येत नाही, कारण मी लॅपटॉप एकदाही हायबरनेट केलेला नाही. ती घालवायला काळ्या खिडकीत आज्ञा लिहायची असते.

"लिही, पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश..."

"स्लॅश कुठली? डावीकडे झुकणारी की उजवीकडे?"

"वरून उजवीकडे... थांब, कुणाच्या उजवीकडे?"

पंधरा मिनिटांनी आम्ही "एच ऑफ" पर्यंत पोचलो, तर मशीन म्हणालं, तुम्हाला परवानगी नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायचं होतं. ज्या घरात माझ्याशिवाय गॅसचा नंबरही लागत नाही, तिथे मी ॲडमिनिस्ट्रेटर नव्हते! पुन्हा सगळं लिहिलं. चोवीस.

एक जीबी कमी. आणि काढण्याजोगं उरलं होतं फक्त भजनांचं फोल्डर. गूगलच्या १५ जीबीत ठेवावं, तर तिथे मेल आणि फोटोंनी आधीच पथारी पसरलेली. शेवटी नवऱ्याला पेन ड्राइव्ह आणायला पाठवलं. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाला असता, पण इलेक्ट्रॉनिकची वस्तू लॅमिंग्टन रोडवरूनच आणायची हा त्याचा कुळाचार आहे. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला गेला. पाट्यांवर त्या रस्त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असतं, पण तो मार्ग कुठे म्हणून विचारलं तर दुकानदारही क्षणभर थांबेल. ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह घेऊन रात्री आठला परतला. लावून बघितला, साठसुद्धा भरत नव्हते. इथेही कार्पेट.

भजनं तिकडे हलली. रात्री अपग्रेड सुरू केलं, सकाळी नवी विंडोज आली. स्टार्टचं बटण कोपरा सोडून मधोमध येऊन बसलं होतं. ते असो. मी आधी मोकळी जागा बघितली.

५.६ जीबी.

"अगं आई, विंडोज डॉट ओल्ड आहे ती. जुनी विंडोज अख्खी तशीच ठेवतात, तुला परत जावंसं वाटलं तर. दहा दिवसांनी आपोआप जाईल."

फोन स्पीकरवर होता. सासूबाईंनी हातातली माळ थांबवली. "कोण गेलं गं?"

"कुणी नाही आई, जुनी विंडोज."

"मग दहा दिवस घुटमळणारच. काहीतरी इच्छा राहिली असेल तिची."

दहाव्या दिवशी सकाळी ग्रिलवर कावळा होता. तसा तो रोजच असतो, शिळ्या पोळीसाठी. सासूबाईंनी पोळीचा तुकडा ठेवला आणि लॅपटॉपकडे बघून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "भजनं नीट सांभाळू म्हणावं."

संध्याकाळी उघडून बघितलं. २६.९ जीबी.

त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. "शिवला," म्हणाल्या आणि आत गेल्या.